साक्षीदार क्रमांक दोन

बाबांनी पाकीट आदल्या दिवशीच घेतलं होतं, पण उघडलं नव्हतं. पोस्टमन आला तेव्हा ते घराखालच्या, दात बनवायच्या कारखान्यात एकटेच एका कवळीचं मेण उतरवत बसले होते. सही करताना बोटांचं ओलं प्लास्टर त्याच्या वहीला लागलं. पाकिटाच्या कोपऱ्यात जावयाच्या, म्हणजे जमिनीची मोजणी करणाऱ्या मोजणीदाराच्या, वकिलाचं नाव छापलेलं होतं. बाबांनी ते तळहातावर तोलून पाहिलं, जाडजूड होतं, आणि मनाशी म्हणाले, लागू पडली. दीड महिन्यापूर्वी त्यांनी जावयाला धाडलेली नोटीस लागू पडली होती. माफी मागायला चार ओळी पुरतात, एवढे कागद कशाला, हा विचार त्यांना शिवलाही नाही. उद्या सुट्टी होती, सगळे वर जेवणाच्या टेबलाशी जमणार होते, वकीलबाई येणार होत्या. सगळ्यांच्या देखत उघडू असं ठरवून त्यांनी पाकीट पॉलिशच्या डब्याखाली ठेवलं आणि पुन्हा मेणाकडे वळले.

नोटीस पाठवल्याचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. 'तुझं सामान परत मागायचा कागद आहे' असं सांगून त्यांनी धाकट्या लेकीची सही घेतली होती. तिने वाचलंही नाही. त्या दिवसांत ती काहीच वाचत नव्हती.

सात महिन्यांपूर्वी ती एक बॅग घेऊन परत आली, तेव्हा दार बाबांनीच उघडलं होतं. तिचा उजवा हात मनगटापर्यंत सुजला होता आणि बोटांच्या पेरांवर जखमा होत्या. 'मला आता तिथे राहायचं नाही,' एवढंच ती म्हणाली. बाबांनी काही विचारलं नाही. सुजलेला हात समोर दिसत असताना बापाने आणखी काय विचारायचं?

*

वकीलबाई अकराच्या ठोक्याला आल्या. त्या वहिनीची मामेबहीण, त्यामुळे फी नाही आणि भीडही नाही. बॅगेतून एक कोरी वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि सरळ धाकटीकडे पाहिलं.

"तू सांग. तुला काय हवंय?"

"वेगळं व्हायचंय," धाकटी म्हणाली. "लवकर. आवाज न होता."

"मग एकच वाट बरी. दोघांनी मिळून अर्ज करायचा. कुणाचं काय चुकलं हे लिहावं लागत नाही. 'आमचं पटत नाही, एकत्र राहता येत नाही' एवढं पुरतं. कोर्ट काही महिने थांबायला लावतं, मग बोलावून विचारतं, अजून तेच म्हणणं आहे का? दोघंही हो म्हणालात की मोकळे."

"आणि दुसरी वाट?" बाबांनी विचारलं.

"दुसरी म्हणजे दावा. एकाने दुसऱ्यावर आरोप करायचा आणि तो सिद्ध करायचा. साक्षीदार, डॉक्टरचे कागद, उलटतपासणी. काका, वर्षं जातात. आणि माणूस आतून बाहेरून उसवून टेबलावर ठेवतात."

"ठेवू देत की. ज्याला लाज वाटायची त्याला वाटेल."

दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. सकाळपासून तो काही बोलला नव्हता. आता म्हणाला, "बाबा, तिला आवाज नकोय. ती म्हणाली ना आत्ताच."

"तू मध्ये पडू नकोस. तुला मऊपणाची सवय झालीये. उद्या कुणी तुझ्या बहिणीचा हात मोडला तरी तू म्हणशील, जाऊ द्या."

"हात मोडला नव्हता," धाकटी हळूच म्हणाली.

"सुजला होता. मी पाहिलाय."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. दादाने नजर खाली वळवली. तेरा वर्षांच्या संसारात तिला एक कळलं होतं, की हा माणूस खोटं बोलत नाही, तो फक्त गप्प बसतो, आणि गप्प बसला की समजावं, काहीतरी आहे. गेले सात महिने बहिणीचा विषय निघाला की तो गप्प बसत होता. वहिनीला वाटायचं, भावाला वाईट वाटतंय. आज पहिल्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली.

आई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. तिला बसायला सांगून सगळे दमले होते.

"तिसरी वाटही आहे," वकीलबाई म्हणाल्या, "मध्यस्थासमोर बसायचं. पण त्यासाठी त्यांची बाजू कळायला हवी. त्यांच्याकडून काही आलंय का?"

बाबा याचीच वाट पाहत होते. ते उठले, खाली गेले, पाकीट घेऊन आले आणि वकीलबाईंसमोर ठेवलं. खुर्चीत पुन्हा बसताना त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली, नाटक सुरू व्हायच्या आधी ओढतात तशी.

"काल आलं. उघडा आणि मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू दे."

"हे कशाचं उत्तर आहे?"

"मी नोटीस पाठवली होती. हिच्या नावाने. मारहाण केलीत, लेखी माफी मागा, नाहीतर फौजदारी करू."

धाकटीने मान वर केली. "कुणाच्या नावाने?"

"तुझ्याच. सही केली होतीस."

"मी सामानासाठी सही केली होती."

"त्यातच घातलं ते."

"बाबा, त्याने मला मारलं असं मी कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं?"

वकीलबाईंनी दोघांकडे पाहून हात वर केला. "थांबा. आधी मी वाचते."

त्यांनी पाकीट फोडलं. पहिलं पान वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. तिसरं पान त्यांनी दोनदा वाचलं. खालून कारखान्यातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, तो बाबा चालूच ठेवून आले होते.

"माफी नाहीये, काका," त्या म्हणाल्या. "दावा आहे. त्यांनीच लावलाय. ही प्रत आहे."

"कसला दावा?"

"घटस्फोटाचा. कारण, पत्नीकडून क्रूरता." त्यांनी पान फिरवून टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. "म्हणतात, अमुक तारखेला पत्नीने तोंडावर ठोसा मारला. वरचे समोरचे दोन दात पडले. दातांच्या डॉक्टरांचा दाखला जोडलाय. आणि खाली साक्षीदार आहेत. क्रमांक एक, ते डॉक्टर. क्रमांक दोन..."

त्यांनी दादाकडे पाहिलं.

"क्रमांक दोन, दात बनवणारे कारागीर. पत्नीचे सख्खे भाऊ."

*

दादाने तो ठसा पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं. डॉक्टरांकडून दिवसाला आठ-दहा ठसे येतात, गुलाबी मऊ मसाल्यात उमटलेली माणसांची तोंडं. त्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की साचा काढायचा. चिठ्ठीवरचं नाव तो शेवटी वाचतो, कारण कामाला नावाशी देणंघेणं नसतं. त्या दिवशी नाव वाचलं आणि साचा खाली ठेवून दिला.

फोन केला तेव्हा मोजणीदार म्हणाला, "पायरीवरून पडलो." दादाने साच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं तो तोंडं वाचत आला होता. पायरीवरून पडलेल्याची हनुवटी आधी लागते, खालचे दात हलतात. इथे खालचे सगळे जागच्या जागी होते. "खरं सांगा," तो म्हणाला. "मी घरी बोलणार नाही."

मोजणीदाराने सांगितलं. सांगताना तोंडातून हवा सुटत होती, त्यामुळे 'स' चा 'फ' होत होता, आणि एरवी हसू आलं असतं असं ते बोलणं दादाने फोनला कान चिकटवून शेवटपर्यंत ऐकलं. दात त्याने स्वतः बनवले, रंग जुळवायला तीन वेळा भट्टीत घातले. नोटीस आल्यावर मोजणीदाराचा पुन्हा फोन आला होता. "दादा, मी काही करणार नव्हतो. पण आता पोलिसात जायची भाषा आहे. उद्या कुणी विचारलं तर तुम्ही खरं सांगाल ना?"

"विचारलं तर सांगेन," दादा म्हणाला होता. तो दुसरं काय म्हणणार होता?

आता टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"तू त्याचे दात बनवलेस," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता, किती वाजले विचारावं तसा. "आपल्या कारखान्यात. माझ्या शेजारच्या टेबलावर."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही मला तरी कुठे सांगितलंत, नोटीस पाठवतोय म्हणून? सांगितलं असतंत तर मी अडवलं असतं. मग हा कागद आलाच नसता."

"म्हणजे चूक माझी."

"बाबा, मी तसं..."

"बहिणीच्या विरुद्ध साक्ष देणार तू?"

"विरुद्ध नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही, एवढंच."

"एकच आहे ते."

वहिनी उठली आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ती कुठे उभी राहिली हे सगळ्यांनी पाहिलं. बाबांनीही. त्यांनी आईकडे वळून म्हटलं, "ऐकतेस ना? पोरीवर आळ घेतलाय आणि हा..."

"आळ नाही," धाकटी म्हणाली.

*

तिला वाटत होतं, हे वाक्य म्हणायला फार जड जाईल. प्रत्यक्षात ते सहज बाहेर आलं आणि मग तिला दिसलं की बाबांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते तिच्या उजव्या हाताकडे पाहत होते.

"मीच मारलं," ती म्हणाली. "हात त्यामुळे सुजला होता. त्याच्या दातांनी पेरं फाटली होती."

"त्याने काय केलं होतं?"

"काही नाही."

"काहीतरी केलंच असेल. कुणी उगाच..."

"खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून. तो म्हणाला, धूळ येते. मी म्हणाले, उकडतंय. तो उठून लावायला गेला. बाबा, ती दुसरी वेळ होती. पहिल्यांदा बरणी फेकली होती, खांद्याला लागली. तो म्हणाला, हातातून निसटली असेल. त्यानेच काचा गोळा केल्या. दुसऱ्यांदा तो खाली बसला आणि तोंडातून दात काढून हातात घेऊन बघत राहिला. काही बोलला नाही. मला वाटलं, तिसऱ्यांदा काय होईल? म्हणून बॅग भरली. तो वाईट आहे म्हणून नाही आले मी."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"शाळा का सोडलीस?" वहिनीने एकदम विचारलं. धाकटी बालवर्गाला शिकवायची. परत आल्यावर आठवड्यातच तिने राजीनामा दिला, तेव्हा सगळ्यांनी मानलं होतं, मन लागत नसेल.

"चार-चार वर्षांची पोरं असतात, वहिनी. एकाने रंगाचं पाणी सांडलं. मी काही केलं नाही. पण माझी मूठ वळली होती, ती मला दिसली. त्याच दिवशी सोडली."

बाबा म्हणाले, "हे आपल्या घरात कुठून आलं? माझ्या वडिलांनी कधी कुणावर हात उचलला नाही. मी उचलला नाही. या घरात कुणी..."

"मी," आई म्हणाली.

ती अजून दारातच होती. पदराने हात पुसत होती, हात कोरडे असूनही.

"दादाच्या हनुवटीखाली जी खूण आहे," ती म्हणाली, "ती सायकलवरून पडल्याची नाही. तो आठ वर्षांचा होता. दूध उतू गेलं, तो म्हणाला माझी काय चूक, आणि माझ्या हातात उलथनं होतं. तुम्ही तेव्हा खाली होतात. तुम्ही वर आलात तेव्हा मी सायकल सांगितली, आणि यानेही सायकलच सांगितली. त्यानंतर मी स्वतःला पुष्कळ आवरलं. पण त्याआधीचंही होतं आणि नंतरचंही थोडं होतं. हिने ते पाहिलंय."

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादाने मान हलवली, इतकी थोडी की हलवली नसती तरी चाललं असतं.

"ही परत आली," आई पुढे म्हणाली, "तेव्हा तिचा हात शेकताना मला कळलं होतं. मार खाल्लेला हात असा पेरांवर फुटत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मग माझंही सांगावं लागलं असतं."

बाबा उठले नाहीत. टेबलाची कड धरून बसून राहिले. पंचेचाळीस वर्षं ते या घराच्या खालच्या मजल्यावर सकाळी आठ ते रात्री आठ लोकांची तोंडं घडवत होते, आणि जिना चढून वर आले की जे सांगितलं जाईल ते खरं मानत होते. मुलाला माहीत होतं. बायकोला माहीत होतं. जावयाला माहीत होतं. दातांच्या डॉक्टरांना माहीत होतं. त्यांना वाटलं, गावभर दवंडी पिटून झाली आणि आपल्याला आत्ता कळतंय. पण राग यावा तर कुणावर, हे त्यांना समजेना. आजवर विचारलं कधी होतं?

*

वकीलबाईंनी स्वतःच उठून पाण्याचा तांब्या आणला, सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं आणि पुन्हा वही उघडली.

"मी नातेवाईक म्हणून नंतर बोलेन. वकील म्हणून आत्ता बोलते, कारण उत्तर द्यायला दिवस मोजके आहेत. तीन गोष्टी करता येतात. एक, लढायचं. नोटिशीत लिहिलंय तेच धरून बसायचं, त्याने मारलं म्हणायचं."

"नाही," धाकटी म्हणाली.

"दोन, लढायचंच नाही. तारखेला हजर व्हायचं नाही, किंवा जाऊन कबूल करायचं. त्यांना निकाल मिळेल."

"ते करू. त्याने लिहिलंय ते खरंच आहे. त्याला मिळू दे. मला शिक्षा झाली तरी चालेल."

"ही शिक्षा देण्याची जागा नाही गं," वकीलबाई म्हणाल्या. "निकालात तुझ्या नावापुढे 'क्रूरता' लिहिलं जाईल आणि ते राहील. उद्या परत शाळेत जायचं म्हणालीस तर?"

"मी जाणार नाही शाळेत."

"आज म्हणतेस."

"जे केलंय ते लिहिलं गेलं तर काय बिघडलं?" आई म्हणाली. "लपवून काय झालं ते बघतोयच आपण."

"लपवणं वेगळं आणि जन्मभर कपाळावर चिकटवून फिरणं वेगळं, आई," दादा म्हणाला. "तिने आपल्याला सांगितलं. त्याला माहीत आहे. आणखी कुणाला सांगायचं?"

आईने मुलाकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीखालच्या खुणेकडे तिने एवढ्या वर्षांत सरळ पाहिलं नव्हतं. "तुला असं वाटतं?" तिने विचारलं.

"मला कायमच असं वाटत आलंय."

वकीलबाई म्हणाल्या, "तिसरं म्हणजे हा दावा मागे घ्यायचा आणि दोघांनी मिळून अर्ज करायचा. ते अजूनही होऊ शकतं, पण दोघांची मर्जी लागते. शेवटचं पान म्हणजे त्यांच्या वकिलाचं पत्र आहे, त्यात त्यांनी स्वतःच लिहिलंय. नोटीस खोटी होती असं लेखी दिलं, तर ते दावा काढून घेतील. त्यांना लढायचं नाहीये. घाबरलेत ते."

"मी देते लिहून," धाकटी म्हणाली.

"तू दिलंस तर ते दबावाखाली दिलं असं उद्या कुणीही म्हणेल. ज्याने नोटीस पाठवली त्याने द्यावं."

सगळे बाबांकडे बघायचं टाळत होते, आणि म्हणूनच सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे होतं. दादा म्हणाला, "बाबांना त्रास नको. मी जाऊन बोलतो त्यांच्याशी."

"तू कशाला जाशील?" बाबा म्हणाले. "तू साक्षीदार आहेस ना."

सगळ्यांना वाटलं, ते टोमणा मारताहेत. वहिनीचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. पण बाबांनी वकीलबाईंच्या वहीतलं एक कोरं पान मागितलं, खिशातला चष्मा चढवला आणि विचारलं, "काय लिहायचं?"

"जे झालं ते. तुमच्या शब्दांत."

त्यांना अर्धा तास लागला. मध्ये एकदा त्यांनी धाकटीला विचारलं, "बरणी कसली होती?" ती म्हणाली, "साखरेची. का?" "काही नाही," ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं." ते त्यांनी पत्रात लिहिलं नाही. पत्र सहा ओळींचं झालं. वकीलबाईंनी वाचलं आणि त्यातला एकही शब्द बदलला नाही. मग त्यांनी दोघांच्या अर्जाचा कच्चा मसुदा दुसऱ्या पानावर लिहून दिला.

जेवायला त्या दिवशी चार वाजले. धाकटीने ताटं वाढली. आईने तिच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला आणि म्हणाली, "तुझ्या वहिनीने एका बाईंचं नाव सांगितलंय. राग येतो त्यांच्याशी बोलतात म्हणे. तू जाणार असशील तर मीही येईन."

"तू कशाला, आई?"

"माझंही राहूनच गेलंय."

धाकटी हसली का रडली, ते वहिनीला नीट दिसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाबा मोजणीदाराच्या दारात उभे होते. कामावर निघायच्या तयारीत असलेल्या मोजणीदाराने दार उघडलं, सासऱ्यांना पाहिलं आणि नकळत एक पाऊल मागे घेतलं. बाबांनी ते पाऊल पाहिलं. सात महिन्यांत त्यांनी या माणसाला मनातल्या मनात कितीदा तरी कॉलर धरून भिंतीला टेकवलं होतं. समोर उभा होता तो अंगाने किडकिडीत, हातात अर्धवट खाल्लेला पाव, डोळ्यांत धास्ती.

"भांडायला नाही आलो," बाबा म्हणाले. "हे द्यायला आलोय."

मोजणीदाराने पत्र दारातच वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते आणि बाबांची नजर, सवयीने, दातांवर गेली. काम चांगलं होतं. जवळून पाहिल्याशिवाय कळलं नसतं.

"तुमचं अक्षर आहे," मोजणीदार म्हणाला.

"हो."

"वकिलाकडून आलं असतं तरी चाललं असतं."

"ते मागच्या वेळी आलं होतं."

मोजणीदार बाजूला झाला. बाबा आत गेले. खोली आवरलेली होती, कोपऱ्यात मोजणीची तिपाई उभी होती, टेबलावर एकाच माणसाचा चहा. बाबांनी अर्जाचा मसुदा काढून दिला. "हे दोघांचं. ती सही करायला तयार आहे. तुम्ही तुमच्या वकिलाला दाखवा, घाई नाही."

मोजणीदार उभ्यानेच वाचू लागला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"'आमचं पटत नाही', असं लिहिलंय."

"ते लिहावंच लागतं म्हणे. कोर्टाला तेवढंच पुरतं."

"कळतंय मला. सही करेन मी." त्याने बोट त्या ओळीवरून काढलं नाही. "पण हे खरं नाही हो. आमचं पटत होतं. फार छान पटत होतं. शेवटी शेवटी मी आतून कडी लावून झोपायचो, तरी सकाळी उठलं की पटायचं."

पुढे नऊ महिन्यांनी त्या अर्जावर निकाल झाला. बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले होते, विचारल्यावर दोघांनी हो म्हटलं, आणि बाहेर पडताना धाकटीने त्याला विचारलं, "दुखतं का अजून?" तो म्हणाला, "थंड लागलं की." पण त्या सकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. त्या सकाळी एक माणूस खोटं वाक्य हातात धरून उभा होता आणि दुसरा, ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काही माहीत नाही हे माहीत झालं होतं, त्याच्यासमोर उभा होता.

बाबांनी भिंतीशी असलेली खुर्ची ओढली आणि बसले.

"तुम्हाला कामाला उशीर होईल," ते म्हणाले, "पण जमलं तर मला सांगा. तुमचं दोघांचं कसं होतं ते. पहिल्यापासून सांगा."

मोजणीदाराने घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने आणखी एक कप काढला, अर्धा चहा त्यात ओतला, आणि सांगायला सुरुवात केली.